सिलिकोन ऑइल की इमल्शन? पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

टायर साच्यातून अलगद सुटावा, किण्वनाच्या टाकीतला फेस बसावा, कापड हाताला मऊ लागावे, मोटारीचा डॅशबोर्ड चकाकावा आणि पोटातला वायू मोकळा व्हावा, या सगळ्या कामांसाठी एकाच कुळातला पदार्थ वापरला जातो. नवख्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पुरवठादाराकडे ‘सिलिकोन ऑइल हवे आहे’ असे म्हटले की तो ‘किती सेंटिस्टोकचे?’ (सेंटिस्टोक हे द्रवाचा घट्टपणा मोजण्याचे एकक) असे विचारतो, आणि इमल्शन, म्हणजे पाण्यात ऑइलचे सूक्ष्म थेंब पसरवलेले मिश्रण, मागितले तर ‘नॉनआयोनिक की कॅटायोनिक, किती टक्के?’ असे, म्हणजे ते विद्युतभार नसलेले हवे की धनभाराचे आणि त्यात सिलिकोन किती हवे, असे विचारतो. ही उत्तरे तयार नसली की जे हाताशी असेल ते घेतले जाते आणि पुढचे कित्येक आठवडे डाग, फुटलेले इमल्शन किंवा रंग न धरणारे पत्रे यांच्यामागे धावण्यात जातात. हा लेख उत्पादन विभागात, प्रयोगशाळेत किंवा छोट्या उद्योगात हा पदार्थ पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी आहे. यातील पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नका, विशेषतः दुसरी पायरी शेवटावर ढकलू नका.

१. पदार्थाचा स्वभाव समजून घ्या

साध्या सिलिकोन ऑइलचे रासायनिक नाव पॉलीडायमिथिलसिलोक्सेन असे आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची आलटून पालटून जोडलेली लांब साखळी आणि प्रत्येक सिलिकॉन अणूला लागलेले दोन मिथिल गट, एवढीच त्याची रचना असते. ही साखळी अतिशय लवचिक असल्यामुळे तिचे मिथिल गट सहज पृष्ठभागाकडे वळतात आणि त्यामुळे या द्रवाचा पृष्ठताण फार कमी राहतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो, खनिज तेलांचा साधारण ३०, तर सिलिकोन ऑइलचा सुमारे २१. ते जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर पातळ थर होऊन पसरते, पाण्याला दूर ठेवते आणि दुसऱ्या पदार्थाला चिकटू देत नाही, याचे मूळ या आकड्यात आहे.

दुसरा महत्त्वाचा गुण म्हणजे तापमान बदलले तरी त्याचा घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, फारसा बदलत नाही. २५ अंश सेल्सिअसला १०० सेंटिस्टोक असलेले सिलिकोन ऑइल १०० अंशांना साधारण ३० सेंटिस्टोकवर येते, तर ४० अंशांना १०० सेंटिस्टोक असलेले नेहमीचे खनिज तेल त्याच १०० अंशांना ११ सेंटिस्टोकच्या आसपास उतरते. डॅम्पर, मोजमापाची उपकरणे आणि थंडी-उन्हात चालणारी यंत्रणा यांत सिलिकोन वापरले जाते ते यासाठी.

मात्र एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा. सिलिकोन ऑइल गुळगुळीत लागते म्हणून ते सर्वत्र उत्तम वंगण ठरेल असे नाही. रबर किंवा प्लास्टिक धातूवर घासत असेल तिथे ते चांगले काम करते, पण पोलादावर पोलाद भार घेऊन सरकत असेल तिथे त्याचा थर टिकत नाही आणि पृष्ठभाग खरचटतो. गिअर आणि जड बेअरिंग यांच्यापासून साधे मिथिल सिलिकोन दूर ठेवावे.

२. सिलिकोन कुठे जाता कामा नये, ते आधी ठरवा

ज्या गुणासाठी आपण हा पदार्थ घेतो, त्याच गुणामुळे तो नको तिथे पोहोचतो. एका कोपऱ्यात मारलेला सिलिकोन स्प्रे हवेतून शेजारच्या रंगविभागात गेला, तर ओल्या रंगाच्या थरात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. कारखान्यांत त्यांना ‘फिशआय’ म्हणतात. रंगाचा पृष्ठताण त्या ठिपक्यापेक्षा जास्त असल्याने रंग तिथून मागे सरतो, आणि हे घडायला डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरेसा असतो. म्हणून खरेदीच्या आधी पुढील ठिकाणांची यादी करा आणि ती लेखी ठेवा.

रंगकाम, छपाई, लॅमिनेशन, गोंद लावणे आणि विद्युतमुलामा या प्रक्रिया ज्या भागांवर पुढे होणार आहेत, ते भाग. विजेचे रिले आणि उघडे स्विच असलेली पॅनेल, कारण लहान रेणूंच्या सिलोक्सेनची वाफ ठिणगीत जळून संपर्कबिंदूंवर सिलिकाचा विद्युतरोधक थर बसवते. ज्वलनशील वायू ओळखणारे उत्प्रेरक पद्धतीचे संवेदक, कारण याच वाफेने ते निकामी होतात आणि बाहेरून व्यवस्थित दिसत राहतात; मला हा धोका सर्वांत गंभीर वाटतो. सिलिकोन रबराचे ओ-रिंग आणि गॅस्केट, कारण त्याच जातीचे ऑइल शोषून ते फुगतात आणि मऊ पडतात.

पुढे रंगकाम होणारच असेल आणि तरीही मोल्ड रिलीज (वस्तू साच्यातून सुटावी म्हणून लावायचा पदार्थ) हवे असेल, तर अल्काइल-अराइल गट जोडलेली, रंग धरू देणारी सिलिकोन मिळतात. साध्या ऑइलवर ‘नंतर पुसून घेऊ’ असा भरवसा ठेवू नका. कापडाने पुसल्याने थर निघत नाही, तो फक्त पातळ होऊन जास्त जागेवर पसरतो.

३. ऑइल, इमल्शन की कंपाउंड, ते निवडा

पाण्यावर आधारित प्रक्रियेत सिलिकोन समप्रमाणात पसरवायचे असेल, तर इमल्शन घ्या. पाणी अजिबात चालत नसेल, विद्युतरोधन हवे असेल किंवा द्रव बंद यंत्रणेत भरायचा असेल, तर शुद्ध ऑइल घ्या. बारीक सिलिका मिसळून घट्ट केलेले कंपाउंड व्हॉल्व्ह, ओ-रिंग, विजेच्या जोडण्या अशा ठिकाणी वापरतात, जिथे पदार्थ वाहून जाता कामा नये. तेच ऑइल आणि सिलिका यांचे वेगळ्या प्रमाणातले मिश्रण फेस मारण्यासाठीही वापरले जाते.

गरम साच्यावर फवारायचे असेल तर इमल्शन सोयीचे पडते, कारण पाणी लगेच उडून जाते आणि सिलिकोनचा पातळ थर मागे राहतो. थंड साच्यावर मात्र पाणी साचून राहते आणि वस्तूवर ठिपके उमटतात, तिथे द्रावकात विरघळवलेले ऑइल बरे.

४. व्हिस्कॉसिटी ठरवा

ही द्रव्ये ०.६५ सेंटिस्टोकपासून दहा लाख सेंटिस्टोकपर्यंत मिळतात आणि हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो. पाणी सुमारे १ सेंटिस्टोक असते, हे लक्षात ठेवले की अंदाज बांधता येतो. अगदी पातळ, म्हणजे ५ सेंटिस्टोकच्या आतली द्रव्ये कमीअधिक वेगाने उडून जातात. प्रसाधनांत वाहक म्हणून किंवा सफाईसाठी ती उपयोगी असली, तरी ०.६५ सेंटिस्टोकच्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते) शून्य अंशाच्या आसपास असतो, म्हणून ते पेट्रोलइतक्याच सावधपणे हाताळावे. ‘सिलिकोन पेट घेत नाही’ हे वाक्य या टोकाला लागू नाही.

५० सेंटिस्टोकचे द्रव ट्रान्सफॉर्मरमध्ये विद्युतरोधक म्हणून भरतात, कारण त्याचा फायर पॉइंट (ज्या तापमानाला द्रव पेटल्यावर जळत राहतो ते) ३०० अंशांच्या वर असतो. पॉलिश, मोल्ड रिलीज आणि सर्वसाधारण वंगण यांसाठी १०० ते १००० हा पट्टा नेहमीचा आहे. त्यातही ३५० सेंटिस्टोकचे ऑइल इतके सर्रास वापरले जाते की काय घ्यावे ते कळत नसेल, तर चाचणीची सुरुवात तिथूनच करावी. इंजेक्शनच्या सिरिंजच्या आतल्या बाजूस वैद्यकीय दर्जाचे १००० सेंटिस्टोकचे ऑइल लावतात, आणि दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायला १००० व ५००० सेंटिस्टोकची विशेष शुद्ध केलेली ऑइले असतात. आकडा तोच असला तरी औद्योगिक ड्रममधले ऑइल या कामांना कधीही चालत नाही. व्हिस्कॉसिटी ही शुद्धतेची खूण नव्हे.

मधला दर्जा हवा असेल तर दोन ऑइले मिसळता येतात, पण इथे सरासरीचे गणित फसते. १०० आणि १००० सेंटिस्टोकची ऑइले सारख्या वजनाने मिसळली, तर मिश्रण ५५० होत नाही, ते साधारण ३१५ च्या आसपास येते, कारण इथे सरासरी आकड्यांची नव्हे तर त्यांच्या लॉगॅरिदमची घ्यावी लागते. दोन ऑइलांमधले अंतर जितके मोठे, तितका हा अंदाजही ढिला पडतो. म्हणून मिश्रण केल्यावर मोजून पाहावे.

५. साधे पुरेल की बदललेले हवे, ते पाहा

साखळीवरचे काही मिथिल गट बदलून वेगवेगळ्या कामांची सिलिकोन बनवतात. फिनाइल गट घातले की उष्णता सहन करण्याची ताकद वाढते, म्हणून डिफ्यूजन पंपात अशी ऑइले असतात. पॉलीइथर जोडले की सिलिकोन पाण्यात मिसळू लागते आणि फोमचे पेशीजाल सांभाळणे, थर सपाट बसवणे अशी कामे करते. अमिनो गट जोडले की ते कापसाच्या तंतूला आणि केसांना घट्ट धरते. कापडाचे सॉफ्टनर आणि कंडिशनरमधले अमोडायमेथिकोन हे याच जातीचे आहेत.

अमिनो सिलिकोनबाबत दोन गोष्टी नीट पाहा. पांढऱ्या आणि फिक्या कापडावर ते उष्णतेने पिवळे पडू शकते, म्हणून अशा कापडासाठी कमी पिवळे पडणारा दर्जा मागा आणि क्युरिंगचे, म्हणजे थर पक्का करण्यासाठी तापवण्याचे, तापमान गरजेपेक्षा वर नेऊ नका. दुसरे म्हणजे हाताला मऊपणा येतो तसतशी पाणी शोषण्याची क्षमता कमी होते; टॉवेलवर नेहमीचे अमिनो सिलिकोन लावले तर टॉवेल मखमली लागेल आणि अंग कोरडे करणार नाही. तिथे पाणी शोषू देणारा बदललेला दर्जाच हवा.

मिथिल हायड्रोजन सिलिकोन हा पदार्थ मात्र वेगळ्या कपाटात ठेवावा. कापड, कागद आणि पावडरी जलरोधक करण्यासाठी तो उत्तम आहे, पण अल्कली, आम्ल, अमाइन किंवा धातूची पूड यांच्या संपर्कात आला की हायड्रोजन वायू सुटतो. सोड्याने धुतलेल्या आणि न विसळलेल्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले, तर डबा फुगतो आणि फुटूही शकतो. दिसायला तो साध्या ऑइलसारखाच असतो, त्यामुळे लेबल नसलेला डबा आढळला तर तो उघडून वास घेत बसू नका, बाजूला ठेवा आणि चौकशी करा.

६. मागवायची कागदपत्रे आणि जवळ ठेवायची साधने

पुरवठादाराकडून प्रत्येक दर्जासाठी तांत्रिक माहितीपत्रक, सुरक्षा माहितीपत्रक आणि त्या विशिष्ट बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागवा. साध्या ऑइलच्या सुरक्षा माहितीपत्रकात सीएएस क्रमांक, म्हणजे रासायनिक पदार्थ ओळखण्याचा नोंदणी क्रमांक, ६३१४८-६२-९ असतो. तिथे ६३१४८-५७-२ दिसला, तर तुमच्या हातात वर सांगितलेले हायड्रोजन सिलिकोन आहे. अन्न, औषध किंवा प्रसाधनासाठी माल हवा असेल, तर त्या उपयोगाला लागू असलेल्या मानकाचे लेखी प्रमाणपत्र घ्या. तोंडी ‘फूड ग्रेडच आहे’ याला काही अर्थ नाही.

प्रसाधने बनवणाऱ्यांनी डी४, डी५ आणि डी६ या चक्रीय सिलोक्सेनचे प्रमाण लेखी मागावे. युरोपीय संघात धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी४ आणि डी५ यांचे प्रमाण ३१ जानेवारी २०२० नंतर ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे लागते, आणि २०२४ मध्ये हे निर्बंध डी६ तसेच अंगावर राहू द्यायच्या प्रसाधनांपर्यंत वाढवण्यात आले. इमल्शनमध्येही उरलेले चक्रीय सिलोक्सेन असू शकते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

साधनांत अचूक वजनकाटा, केशनलिकेचा व्हिस्कोमीटर, पीएच मीटर, थर्मामीटर, मंद गतीचा स्टरर, बारीक जाळीची गाळणी, हवेशीर ओव्हन आणि काचेची भांडी एवढे पुरते. सिलिकोनसाठी वापरलेले ब्रश, फनेल आणि बादल्या यांच्यावर खूण करून ती दुसऱ्या कामाला देऊ नका.

७. इमल्शन फुटू न देता पातळ करा

सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते. इमल्शनमध्ये ऑइलचे सूक्ष्म थेंब इमल्सिफायरच्या (थेंबांना एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या रसायनाच्या) आधाराने पाण्यात तरंगत असतात. नेहमीच्या दुधाळ इमल्शनमध्ये थेंबाचा आकार मायक्रॉनच्या आसपास असतो, तर मायक्रोइमल्शनमध्ये तो ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान असल्याने द्रव जवळजवळ पारदर्शक दिसतो. थेंब एकमेकांत मिसळू लागले की ऑइल वर तरंगते, आणि मग ते कापडावर डाग किंवा रोलरवर चिकट थर होऊन बसते.

आधी इमल्शनचा विद्युतभार विचारा. कॅटायोनिक इमल्शन अ‍ॅनायोनिक (ऋणभाराच्या) रसायनांसोबत एकाच बाथमध्ये, म्हणजे प्रक्रियेच्या द्रावणात, घालू नका; विरुद्ध भार एकत्र आले की इमल्शन फुटते. कापडावर मागच्या प्रक्रियेतला साबण, अ‍ॅनायोनिक डायफिक्सर (रंग पक्का करणारे रसायन) किंवा ब्लीचिंगचा सोडा राहिला असेल, तरी हेच घडते. अमिनो सिलिकोनचा बाथ सौम्य आम्लधर्मी, पीएच ५ ते ५.५ च्या दरम्यान ठेवतात आणि त्यासाठी अ‍ॅसेटिक आम्ल वापरतात. पीएच केवळ बाथचा नव्हे, तर पिळून काढलेल्या कापडातल्या पाण्याचाही तपासावा. बाथ ठीक असतो आणि कापड अल्कली घेऊन येते, हे डागांचे अगदी नेहमीचे कारण आहे.

पातळ करताना टाकीत आधी इमल्शन घ्या आणि त्यात गार, मऊ पाणी सुरुवातीला थोडेथोडे घालत मंद गतीने ढवळा. घरगुती मिक्सरसारखे वेगाने घुसळणे, गिअर पंपातून वारंवार फिरवणे किंवा विरघळावे म्हणून गरम करणे, या तिन्हीमुळे थेंब एकत्र येतात. कठीण पाणी आणि मिठाची द्रावणे टाळा. पातळ केलेले इमल्शन त्याच पाळीत संपवा, कारण पाणी वाढले की इमल्सिफायर आणि जंतुरोधक दोन्ही विरळ होतात. दुसऱ्या दिवशी आंबट वास आला तर तो जिवाणूंचा असतो.

प्रमाणाचा हिशेब सक्रिय सिलिकोनवर करा. ३५ टक्क्यांच्या इमल्शनपासून १ टक्क्याचे द्रावण हवे असेल, तर १ किलो इमल्शनला ३४ किलो पाणी लागते. ओव्हनमध्ये १०५ अंशांना सुकवून उरलेले वजन पाहून टक्केवारी तपासता येते. पण त्या अवशेषात इमल्सिफायरही असतो, म्हणून ३५ टक्के सक्रिय इमल्शनचा अवशेष ३५ पेक्षा थोडा जास्त येणे स्वाभाविक आहे. उलट पुरवठादार अवशेषाचाच आकडा ‘सक्रिय’ म्हणून सांगत असेल, तर तुम्ही इमल्सिफायरचे पैसे सिलिकोनच्या भावाने देत आहात.

८. फेसरोधकाचा डोस कमीतून वर न्या

फेस मारणारे सिलिकोन म्हणजे नुसते ऑइल नसते. त्यात जलविरोधी केलेली बारीक सिलिका असते. ऑइल फेसाच्या पापुद्र्यावर पसरते आणि सिलिकाचे कण तो पापुद्रा भेदतात. पोटातील वायूवर दिल्या जाणाऱ्या सिमेथिकोनमध्येही ४ ते ७ टक्के सिलिका असते. केवळ ऑइल टाकून पाण्यातला फेस बसत नाही, म्हणून ‘सिलिकोन चालत नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपण नेमके काय टाकले ते पाहावे.

१० पीपीएमपासून (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) सुरू करून दरवेळी थोडे वाढवा आणि फेस किती वेळाने परत येतो त्याची नोंद ठेवा. फेस जिथे तयार होतो त्याच्या आधीच्या, पण फार जोराचा पंप नसलेल्या जागी डोस द्या. जास्त टाकल्याने फेस जास्त बसत नाही. जादा ऑइल गाळण्या बुजवते आणि भिंतींवर थर धरते.

अन्नप्रक्रियेत मर्यादा काटेकोर असतात. अन्नपदार्थांत याची नोंद ई९०० अशी आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बहुतेक तयार पदार्थांसाठी १० पीपीएम, तर दुधासाठी शून्य अशी मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा सिलिकोनची आहे, इमल्शनची नव्हे. १००० किलो मालात १० ग्रॅम सिलिकोन बसते, म्हणजे ३० टक्क्यांचे इमल्शन सुमारे ३३ ग्रॅम. तुमच्या देशात कोणता आकडा लागू आहे तो मूळ नियमातच वाचा.

९. उष्णता आणि ब्रेक फ्लुइड यांबाबत दोन इशारे

साधे मिथिल ऑइल उघड्या हवेत दीर्घकाळ वापरण्याची मर्यादा १५० अंशांच्या आसपास धरावी. त्यापुढे ते हळूहळू ऑक्सिडाइज होते, फॉर्मल्डिहाइड बाहेर टाकू लागते आणि शेवटी जेलीसारखे गोठते. प्रयोगशाळेतला ऑइल बाथ त्यामुळे हवा खेचणाऱ्या हूडखाली ठेवा, आणि त्यात पाण्याचे थेंब पडू देऊ नका, कारण १०० अंशांवर गेले की ते उसळून ऑइल अंगावर उडवतात.

वाहनांत डॉट ५ हे सिलिकोनवर आधारित ब्रेक फ्लुइड आहे, तर डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची आहेत. ५ आणि ५.१ हे आकडे जवळचे असले तरी ही द्रव्ये एकमेकांत मिसळत नाहीत. वाहननिर्मात्याने सांगितले आहे तेवढेच भरा.

१०. सफाई, साठवण आणि सांडलवंड

सांडलेल्या ऑइलवर साबणाचे पाणी टाकू नका, फरशी अधिकच घसरडी होते. आधी वाळू, भुसा किंवा शोषक पावडर टाकून ते गोळा करा, मग मिनरल स्पिरिट लावलेले कापड प्रत्येक वेळी बदलत पुसा, आणि शेवटी डिटर्जंटने धुवा. मिथेनॉलने ते विरघळत नाही, त्यामुळे मिथेनॉलने केलेली सफाई बहुधा दिखाऊ ठरते. स्प्रे मारताना वाफ आणि धुके श्वासात जाऊ देऊ नका. जलरोधक स्प्रेचे धुके फुप्फुसांना अपाय करू शकते.

शुद्ध ऑइल बंद डब्यात वर्षानुवर्षे टिकते. इमल्शनचे तसे नाही. ते गोठले की फुटते आणि पुन्हा वितळवून पूर्ववत होत नाही, उन्हात ठेवले की वर साय धरते. ५ ते ४० अंशांच्या दरम्यान ठेवा, ड्रमवर उघडल्याची तारीख लिहा आणि जुना ड्रम वापरण्यापूर्वी हलकेच ढवळून एक नमुना काचेच्या भांड्यात रात्रभर राहू द्या. वर तेलकट तवंग दिसला, तर तो ड्रम उत्पादनात घेऊ नये. तो सुरक्षा माहितीपत्रकात दिलेल्या पद्धतीने विल्हेवाटीसाठी पाठवावा, गटारात ओतू नये.